रिकाम्या समुद्राचा अहवाल

मंडळी, आधी एक कोडं सोडवा. माणसानं डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं, पदरचं एक अक्षर घातलं नाही — तरी ते खोटं असू शकतं का? मागच्या रांगेतले काका मान हलवताहेत. झोपेत का होईना, पण हलवताहेत!

तर ऐका. नागपूरचा निशिकांत देवपुजारी. पर्यावरणातला डॉक्टर, माणूस सरळ — इतका सरळ, की वळणावरही सरळच जायचा! एका कंपनीला समुद्राखाली तेल शोधायचं होतं. कसं शोधतात? पाण्यात हवेचे बार काढायचे — धडाम! धडाम! — आणि तळातून काय आवाज येतो ते ऐकायचं. त्यानं कुणाचं नुकसान होईल का, हे आधी तपासून लिहायचं काम निशिकांतकडे. कंपनीला घाई! भर जुलैत त्याला जहाजावर चढवला. आठ दिवस होता. पाच दिवस ओकला, तीन दिवस दुर्बीण लावून बसला. दिसलं काय? पाणी! त्यानं लिहिलं, 'या भागात मासेमारी आढळली नाही.' खरंच लिहिलं हो, शपथेवर खरं!

मग कोळीवाड्यात जनसुनावणी. साहेबांना काजू, गावाला बिस्किटं. (ही रीत देवळातही आहे, पण मी कशाला बोलू!) निशिकांतनं ते वाक्य वाचलं, तशी चांगुणाबाय उठली. सत्तरीची कोळीण, आवाज मासळीबाजारात कमावलेला.

"बाला, दर्यान कंदी गेल्तास?"

"जुलैमध्ये, आजी."

अख्खा मांडव हसला. निशिकांतला कळेना, आपलं चुकलं काय?

"तवा म्हावऱ्याचे पोटान गाबोली असते. म्हनून आमी होऱ्या वर काढतांव, दोन म्हयनं दर्यान जात नाय. आयतवारी शालेन जाऊन लिवशील काय, गावान पोरां नाय?"

आता हसू थांबलं. ज्या अंड्यांसाठी अख्खा कोळीवाडा दोन महिने घरी बसतो, त्यांच्याच डोक्यावर बार काढायला परवानगी मिळणार होती — आणि ती निशिकांतच्या सहीनं! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारून कंपनीचे साहेब पुटपुटले, "अहो, पुढचं वाचा."

त्यानं पेन काढलं, वाक्य खोडलं आणि माइकवर म्हणाला, "माझी पाहणी चुकली. यावर मी सही करणार नाही. होड्या समुद्रात असतील तेव्हा पुन्हा येईन आणि यांच्याच होडीतून मोजेन."

"ये," चांगुणाबाय म्हणाली. "पन ओकशील त होरीचे बाहेर ओक."

हसलात? हसा! आता आपलं पाहू. म्हातारी आई झोपली की दारातून डोकवायचं, आणि बहिणीला फोनवर सांगायचं — 'आत्ताच पाहून आलो, काही तक्रार नाही तिची!' पाहिलं ते खरंच की हो!

आज आरती राहिली तरी चालेल. देवाची समजूत मी घालतो. तुम्ही आई जागी आहे तोवर घरी पोचा.