कोरडी गाठ

वर्ध्याच्या दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी पवनारचे बापलेक बसले होते.

"बाबा, आईले आत नेलं अन् तुमी गळ काऊन बांधून राह्यले?"

"तुही माय सांगून गेली ना, घरी आल्यावर धाम नदीची मासोळीच खाईन म्हणून."

"पाहा, पुन्हा तुटला दोरा."

"दोराच भिकार हाय."

"दोरा बरा हाय. तुमी गाठ कोरडीच आवळता."

"मले शिकवून राह्यली, जागृती?"

"तुमीच शिकवलं मले. आवळायच्या आधी गाठ तोंडात धरून ओली करायची, नाईतर नायलॉन तुटते."

"मंग कवाचा काय करून राह्यलो? तोंडात थुंकीच येत नाई."

"आणा इकडं."

"झाली ओली?"

"माह्याबी तोंडाले कोरड पडली, बाबा."