बिनगुणांचा प्रश्न

अप्पाराव : ...पण पेपरात तो प्रश्न घालायला तुम्हाला सांगितलं कुणी, तनुजा मॅडम?

तनुजा : अगदी शेवटी होता, सर. वर लिहिलं होतं, याला गुण नाहीत, आवडला तरच सोडवा.

अप्पाराव : एकशे एकोणीस पोरं शहाणी निघाली. बघितलंसुद्धा नाही तिकडं.

तनुजा : आणि रत्नमाला थांबली.

अप्पाराव : पेपर हातात आल्याबरोबर आधी तोच घेतला, चाळीस मिनिटं थांबली. बावीस प्रश्न कोरे. नंबर गेला नव्वदवर. पहिल्या बॅचला पहिले चाळीसच बसतात, माझ्या सख्ख्या पुतण्यालाही मी खाली पाठवलंय.

तनुजा : तिनं लिहिलंय काय, ते तरी बघा. अर्धा भरलेला पाण्याचा टँकर ब्रेक दाबल्यावर थांबतो, मग पुन्हा पुढं का ढकलला जातो? मी हे वर्गात शिकवलेलंच नाही. आतल्या पाण्याची चार चित्रं काढलीत पोरीनं.

अप्पाराव : तिचा बाप टँकरच चालवतो, मॅडम. तिला नाही तर कुणाला कळणार?

तनुजा : म्हणूनच तो प्रश्न काढला होता. तिच्यासाठी.

अप्पाराव : मग झालं की. तुम्हीच बुडवलं तिला.

तनुजा : येत्या रविवारी तिची परत परीक्षा घेऊ. मी येते सुट्टीच्या दिवशी.

अप्पाराव : यादी कालच पालकांच्या ग्रुपवर गेली. तिच्या जागी जो पोरगा आला, त्याचे वडील सकाळी पेढे देऊन गेले. घ्या, तुम्हीपण घ्या.

(दारात रत्नमाला, छातीशी वह्या धरून.)

रत्नमाला : सर, खाली जाऊ का? तिसऱ्या बॅचचा तास सुरू झालाय.

अप्पाराव : जा. आता तरी ध्यान दे.

तनुजा : थांब गं जरा. तुझं उत्तर बरोबर आहे. एकदम बरोबर. घरी पप्पांना दाखव.

रत्नमाला : दाखवलं, मॅडम. ते म्हणले, हे तर मला बी येतंय, मग क्लास कशाला लावला?

तनुजा : ...खाली फिजिक्सला कोण आहे?

रत्नमाला : इंद्रजीत सर. ते सूत्रं लिहून देतात. आपण पाठ करायची.

तनुजा : मी देत जाईन तुला वेगळे प्रश्न. डब्याच्या सुट्टीत ये माझ्याकडं.

रत्नमाला : नको, मॅडम. तसलं काही समोर आलं की मला राहवत नाय.