पाच म्हाताऱ्यांचं हॉस्टेल

...हसा, तुम्ही हसा! हसायला काय जातंय तुमचं? पण मला सांगा, माझं वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, खाली बसलो तर उठवायला दोन माणसं लागतात, अन् त्यो हापिसातला अण्णाराव मला म्हणतो, "अप्पा, नियमात बसा!" अरे बाबा, जेवायला पाटावर बसता येईना मला, तुझ्या नियमात कुठं बसू?

तुम्हाला सांगतो, आमचा गुन्हा काय? तर आम्ही पाचजण एका घरात राहतो. बस्, एवढाच! मी भीमाशंकर, उदगीरला चाळीस वर्षं किराणा दुकान केलं, पोरं पुण्याला गेली, मग लातूरला हे घर घेतलं. माझी बायको गंगम्मा. तिची थोरली बहीण गुरम्मा, तिला शुगर, दोन टाइम इंजेक्शन. ते इंजेक्शन देणाऱ्या विनीताबाई, शाळेतनं रिटायर झालेल्या, एकट्या, हात हलका पण बोलणं जड. अन् देगलूरचा चन्नबसप्पा, माझा जुना दोस्त, त्याला ऐकू येत न्हाई पण नाक लई तिखट, गॅस चालू राहिला की पहिला त्योच बोंबलतो. म्हणजे बघा, माझे डोळे, विनीताबाईंचे हात, चन्नबसप्पाचं नाक... पाचजणांचं मिळून एक धड माणूस होतं! चूल एक, टीव्ही एक, भांडणं रोजची पाच. घर म्हणजे याच्याहून वेगळं काय असतं वो?

पण शेजारीण राजश्रीबाई! तिचा तीन मजल्यांचा बंगला, आत सव्वीस पोरी. आमच्या लातूरला घर तिथं हॉस्टेल, गावोगावची लेकरं डॉक्टर व्हायला आमच्याच गल्लीत येतात. तर ह्या बाईनं महापालिकेत अर्ज ठोकला, "शेजारी बेकायदेशीर वृद्धाश्रम निघाला आहे, म्हाताऱ्यांच्या खोकल्याने मुलींचं फिजिक्स बिघडतंय." आता बोला! पहाटे सव्वीस मोबाईल एकदम कोकलतात तवा आमचं काय सुधारतं का?

गेटवर नोटीस चिकटली. गेलो हापिसात. अण्णाराव चष्म्यावरनं बघतो अन् नाकातनं बोलतो, "तुमच्यात नातं काऽऽय?"

म्हणलं, "ही बायको, ही मेव्हणी."

"अन् ह्या?"

"विनीताबाई."

"नाव नको अप्पा, नातं सांगा."

आता काय सांगू? इंजेक्शनचं नातं म्हणू?

"मग हे कुटुंब न्हाई. वृद्धाश्रम झाला. त्याला समोर नऊ मीटर रस्ता लागतो. तुमचा सहा."

म्हणलं, "साहेब, आमच्यातलं कोण धावत सुटणार हाय? चन्नबसप्पाला दारातनं गेटपत्तर जायला पाव तास लागतो, त्याला नऊ मीटर रस्ता देऊन काय त्याची शर्यत लावता का?"

"नियमात बसा, अप्पा! न्हाईतर महिन्यात घर रिकामं करा."

विनीताबाई कुठं जाणार? चन्नबसप्पा एकटा राहिला अन् रस्त्यावर मागनं गाडी आली, तर त्याला हाक कोण मारणार? अन् मारली तरी त्याला ऐकू कुठं येणार!

म्हणलं, "मग शेजारी सव्वीस पोरी कशा चालतात?"

"ते विद्यार्थी वसतिगृह. त्याला सहा मीटर चालतं."

बस्! तिथंच माझी अक्कल उधळली. आमच्या लातूरच्या माणसाला कुठल्याबी दुखण्यावर एकच औषध माहीत... क्लास लावायचा! म्हणलं, "अण्णाराव, त्या डॉक्टरकीच्या परीक्षेला वयाची अट हाय का वो?"

त्यानं कंप्युटरात बघितलं, परत बघितलं, चष्मा पुसून बघितलं. "खाली हाय... वर न्हाई."

"मग आम्ही विद्यार्थी!"

सोमवारी पाचजण रिपीटर बॅचला! गंगम्मा इरकल नेसलेली, कपाळाला विभूती, पाठीवर नातवाचं जुनं दप्तर. चन्नबसप्पाला ऐकू यावं म्हणून पहिल्या बाकावर बसवला, त्यो तिथं निवांत झोपला. विनीताबाईंनी तासाभरात सरांच्याच दोन चुका काढल्या. सर भांबावले, त्यांनी सोपा प्रश्न म्हणून गुरम्माला विचारलं, "आजी, इन्सुलिन कुठं असतं?" गुरम्मा ताठ उभी राहिली, "फ्रीजच्या दारात, दुधाच्या पिशवीशेजारी!" अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

पहिल्या टेस्टला मला किती पडले? वजा अठरा. हाव, वजा! काहीच न लिहिता उठलो असतो तर शून्य तरी मिळालं असतं. अन् गंगम्मा? सातवीत लग्न झालं म्हणून शाळा सुटलेली बाई, ती वहीतनं मान वर करीना! एकशे बारा मार्क. घरी आली ते चहाचं नावच न्हाई, म्हणती कशी, "तुम्हीच टाका, माझं रिव्हिजन ऱ्हायलंय."

पण आमच्या घराचं हॉस्टेल मंजूर झालं! पेढे वाटले. राजश्रीबाईला दोन जास्तीचे दिले. अन् पेढा तोंडात असतानाच अण्णाराव घर तपासायला हजर. खोल्या बघितल्या, वही काढली अन् नाक वर केलं, "गडी अन् बाया एकत्र? मिश्र वसतिगृह नियमात बसत न्हाई. बाया तीन, गडी दोन... म्हणजे मुलींचं वसतिगृह झालं. गड्यांनी निघायचं."

मी धावत... म्हणजे माझ्या हिशोबानं धावत... लग्नाचा फोटो आणला. "अहो, ही बायको हाय माझी! एकोणपन्नास वर्षं झाली!"

फोटो बघून त्यो म्हणतो, "विद्यार्थी असताना लग्न? अप्पा, हे दाखवू नका कुणाला, आणखी अवघड होईल. नियमात बसा."

वाटलं, गंगम्मा आता भांडंल, त्याला गेटाबाहेर काढंल. ती हळूच म्हणली, "जावा वो तुम्ही. न्हाईतर घरच बंद होईल, मग अक्काची सुई कोण देणार? विनीताबाईंनी जायचं कुठं?" खरंच होतं तिचं. निघालो.

आता मी अन् चन्नबसप्पा मागच्या गल्लीत पोरांच्या हॉस्टेलात. दोन मजली पलंग. खालचा चन्नबसप्पाला... अन् हे गुडघे घेऊन मी वर! मेसची भाजी बरी असती, पण गंगम्माबिगर घास उतरंना. कुणाला सांगता?

भेट फक्त रविवारी, चार ते पाच, गेटवरच. माझंच गेट! मीच रंगवलेलं! तिथं आता राखणीला पारूबाई ठेवलीय. तिनं वही पुढं केली. नाव लिहिलं. पुढं रकाना, 'विद्यार्थिनीशी नाते'. छापलेले पर्याय तीन... वडील, भाऊ, मामा. म्हणलं, "पारूबाई, मी नवरा." ती म्हणली, "तसला रकाना न्हाई, अप्पा. त्या स्टुलावर बसा अन् काय ते ठरवा."

बसलो. पेन धरलं. वडील कसं लिहू? भाऊ तर त्याहून वंगाळ! शेवटी लिहिलं... मामा.

पारूबाईनं आत हाळी दिली, "गंगम्मा! तुझे मामा आले!" गंगम्मा आली, हातात बायोलॉजीचं जाडजूड पुस्तक, बोट पानात अडकवलेलं. मला बघून हसली. जीव कसा भरून आला! म्हणलं, आता म्हणंल, वाळलाव की वो. जवळ आली, पदरातनं दोन धपाटे काढून हातात ठेवले अन् म्हणली,

"पुढच्या रविवारी येऊ नका. माझी टेस्ट हाय."

अन् गेली आत. जाऊ द्या. धपाटे खाल्ले तिथंच स्टुलावर. अण्णारावाला म्हणावं, बसलो बाबा एकदाचा तुझ्या नियमात... आता उठवायला दोन माणसं पाठव.