उलटा नवस

दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, हे फुलाबाईंना ठाऊक होतं. पण जोयड्याच्या स्टँडवर उळवीची बस यायचं नाव घेत नव्हती, आणि कानाला काही झाकण नसतं. शेजारच्या बाकड्यावर बाप होता आणि बंगळुरात शिकणारी लेक.

“आप्पा, मी केलेला रंग जिवंत पेशीत शिरतो. आत जस्त भेटलं, की उजळतो.”

“भाताला घालतो त्ये जस्त?”

“तेच. आपल्या अंगातबी असतंय.”

“उजळला न्हवं? मग तोंड का पाडलंयस?”

“उजेड खोटाबी असतो, आप्पा. जस्त नसतानाबी रंग उजळू शकतो. आज लॅबमधली दीपा पेशीतलं जस्त काढून घेणार हाय. उजेड विझला, तर माझं खरं. न्हाई विझला, तर चार वर्षं पाण्यात.”

“विझायला पायजे?”

“व्हय.”

“आगं बये! मी तर उळवीच्या देवाला नवस बोललोय, पोरीचा उजेड विझू दिऊ नको म्हणून!”

“आप्पा!”

“मला काय ठाऊक? विझू दे म्हणून कोण नवस बोलतंय का?”

तेवढ्यात फोन वाजला. फुलाबाई बाकड्याच्या कडेला सरकल्या.

“बोल गं दीपा. विझला? पुरता विझला? आणि परत जस्त घातल्यावर? पेटला! आप्पा, जिंकलो आपण!”

“जिंकलो! माझी वाघीण ती! पर आता नवस फेडायचा का न्हाई? देवानं माझं ऐकलंच न्हाई की.”

फुलाबाईंना राहवेना.

“दुप्पट फेडा, दादा. देवानं तुमचं ऐकलं असतं, तर पोरीचं काय झालं असतं!”