मावशीच्या माठाचं भोक

अगं, माझ्या पीएचडीचा प्रोग्राम पहिल्यांदा बराबर चालला तो शहागडला, मावशीच्या स्वयंपाकघरात! वस्तूला आरपार भोकं किती, ते कॉम्प्युटरनं फोटोंवरून ओळखायचं, हे माझं काम. मी मावशीच्या नव्याकोऱ्या माठाचे उलटेसुलटे ढीगभर फोटो काढले. माठाचं तोंड आम्ही भोकात धरत न्हाई, म्हणून उत्तर शून्य यायला पाहिजे. आलं एक! तीनदा चालवला, तरी एकच. सोमवारी सरांना दाखवायचं होतं. मी रडकुंडीला आल्ते.

मावशी म्हणाली, "मंग पाणी भरून बघ की!"

भरलं, तर बुडातून बारीक धार! ज्वारीच्या दाण्याएवढं भोक! मी टाळ्या पिटत नाचायलाच लागले.

मावशी ओरडली, "माझा माठ गळून राह्यला, अन् तू नाचून राह्यली व्हय?"