बाकावरची शिक्षा

हसू नका, पण भूगोलात डॉक्टरेट घेऊनही मी फसलो. लेक टोकियोहून बँकॉकला निघाली होती. तिकिटावर निघायची वेळ अकरा, पोचायची चार. मी पाच तास धरले. वर दीड तास उलटला, तरी फोन नाही. आलापल्लीच्या आमच्या अंगणात बाकावर चढलं तरच रेंज येते, म्हणून मी बाकावर उभा.

शेजारच्या सुधाकरनं, माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं, तिकीट पाहिलं. "सर, बँकॉकचं घड्याळ दोन तास मागं असते नं! सात तास लागतेत. दहावीत हेच चुकलो, तं तुम्ही मले बाकावर उभं केलं होतं."

मी बाकावरच उभा राहिलो. अर्ध्या तासानं फोन वाजला. "बाबा, पोचले."

सुधाकरनं हात पुढे केला. "उतरा सर. सुटली शिक्षा."