एकच मोती गुलाबी

थांबा, थांबा – दाताला नका लावू! सगळे तेच करतात. आत आले की पर्समधून माळ काढतात आणि उभ्याउभ्या दातावर घासतात – खरा मोती खरखरीत लागतो, खोटा गुळगुळीत, असं कुणीतरी सांगितलेलं असतं – आणि ते खोटं नाही हो, पण तुमच्या आधी ज्या ज्या बाईला शंका आली तिनेही ती माळ दातालाच लावलेली असते ना! मी बघू म्हणता घासून? अहो, माझे वरचे सगळे दात डॉक्टरांनी बनवून दिलेत, खोट्याने खरं काय ओळखायचं! बसा. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते, इकडे खिडकीशी या. कोण म्हणालं खोटी? वहिनी. बरं. वहिनींचं दागिन्यांचं दुकान आहे? नाही ना. मग झालं तर.

द्या इकडे. आधी तळहातावर घेऊन बघा – जड वाटते? गार? प्लॅस्टिकचे असते तर हाताला पत्ताही लागला नसता. पण काचेचेही गार लागतात, म्हणून एवढ्यावर थांबायचं नाही. आता दोन मोती एकमेकांवर घासा, अलगद – अलगद म्हणाले मी, विळीला धार नाही लावायची – मध्ये वाळूचा कण आल्यासारखं वाटलं? तेच ते. आता हे भिंग घ्या आणि भोकाची कड बघा. खोट्या मोत्यावर वरून रंग चढवलेला असतो, तो भोकापाशी पोपडे धरतो, ओल आलेल्या भिंतीसारखा. इथे आहे काही? स्वच्छ कड. आणि हा बघा जरा चपटा, ह्याच्या गालावर खळी – सगळे एका साच्यातून काढल्यासारखे गोल असते तर मलाच संशय आला असता. खरी आहे माळ. आता हे समुद्रात आपोआप झालेले मोती, की माणसाने शिंपल्यात कण घालून करवून घेतलेले, ते मी नुसत्या डोळ्यांनी सांगणार नाही, आणि कुणी सांगतो म्हणाला तर तिथून उठा. त्याला आतला फोटो काढावा लागतो, आपल्या हाडांचा काढतात तसा. पण शिंपल्यातले आहेत, एवढं नक्की. वहिनींना सांगा – नको, नका सांगू. आपल्याला माहीत आहे ना, पुरे.

दोरा मात्र गेलाय. हे बघा, मोत्यांमधून केवढा दिसतोय. रेशमी दोरा ताणतो, मळतो, रोज घालत असाल तर वर्षाने बदलावा. आणि प्रत्येक दोन मोत्यांमध्ये ही गाठ असते, दिसली? माळ तुटली तर एकच मोती पडावा, घरभर गोट्यांचा खेळ होऊ नये म्हणून. ही गाठ आता – एक मिनिट. ते भिंग द्या. ही गाठ डावीकडून घातलीय. डावखुऱ्या माणसाची गाठ आहे ही. अहो, ही तर माझी गाठ! कुणाची म्हणालात माळ? मावशीची. मावशी शाळेत होत्या का? मुख्याध्यापिका? उंच, चष्मा गोफाला बांधून गळ्यात, आणि बोलताना समोरच्याचं उत्तर चुकल्यासारखं बघायच्या – बाई! बाईंची माळ ही! आणि तुम्ही भाची. कशा आहेत बा–

कधी?

बरं. नाही, मला कोण कळवणार, मी कोण लागते. तीन वर्षं आल्या नाहीत तेव्हा मी म्हटलं गुडघे असतील, त्या जिन्याला कुरकुरायच्याच. पाणी देऊ? मलाच हवंय म्हणा.

तर काय सांगत होते – ठेवलीत कशात? प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात. तरीच. अहो, मोती बंद पिशवीत कोरडे पडतात, त्यांचं पाणी उतरतं. बाई रोज घालायच्या, परीक्षेचे पेपर तपासतानासुद्धा, म्हणून एवढी चमक टिकलीय. तुम्हीही घाला. पण पावडर, अत्तर, केसांचा फवारा सगळं आधी, माळ शेवटी. आणि घरी आलात की आधी ती उतरवायची, मऊ कापडाने पुसायची, सुती पिशवीत आडवी ठेवायची – टांगायची नाही, दोरा ताणतो. साबण नाही, सोड्याचं पाणी नाही, दागिने धुवायचं ते गुरगुरणारं यंत्र तर मुळीच नाही. आणि लिंबू! लिंबू, व्हिनेगर, आंबट म्हणून काही जवळ आणायचं नाही. मोत्याचा चेहराच जातो. जातो म्हणजे जातो, परत येत नाही. मला कसं माहीत म्हणजे? धंद्यात कळतं असं. ऐकून. – तुम्ही अगदी मावशीसारख्या बघता हो. बरं, सांगते. नाहीतरी तुम्हाला कळायला हवं, माळ आता तुमची आहे. बासष्ट मोत्यांमधला एक मोती बाईंचा नाही.

ऐका तर खरं! उठू नका.

हे दुकान माझ्या सासऱ्यांचं. हात असा की लोक लांबून यायचे. मी ह्या घरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांना मोतीबिंदू झाला – हो, हसा, मीही हसले होते, जन्मभर मोती ओवले आणि शेवटी डोळ्यातच एकेक येऊन बसला. पण त्यांना हसू येत नव्हतं. ऑपरेशनची भीती, आणि त्याहून मोठी भीती ही, की गिऱ्हाइकांना कळलं तर कोण येईल? मग आम्ही घरातल्या घरात ठरवलं. ते इथे पुढे बसायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, माळ घ्यायचे. तिथे, त्या दाराला तेव्हा पडदा होता – पडद्यामागे मी. चार महिने त्यांनी मला जुन्या दोऱ्यावर खोट्या मण्यांनी शिकवलं, गाठ बोटांनी चाचपायचे आणि म्हणायचे, सैल, पुन्हा. आणि खऱ्या मोत्यांची पहिली माळ मी एकटीने ओवली ती ही. बाई तेव्हा इथे पहिल्यांदाच आल्या होत्या, आईची माळ म्हणून घेऊन.

आता माझी अक्कल बघा. एक मोती जरा पिवळसर वाटला. घरात पितळेची भांडी मी लिंबाने घासायचे, लख्ख निघायची. म्हटलं, मोत्याला का नाही? वाटीत लिंबू पिळलं, मोती टाकला, वर स्वयंपाकाला गेले. येऊन बघते तर – खडू. पांढराफटक, हात लावला की भुकटी. सासऱ्यांना सांगायची हिंमत होईना. माझ्या कानात आईने दिलेल्या एकेका मोत्याच्या कुड्या होत्या, साधारण त्याच मापाच्या. एक काढली, मोती सोडवला, भोक आरपार नेलं, आणि हुकाच्या अगदी शेजारी, मानेमागे येईल असा ओवून टाकला. जरा गुलाबी आहे तो. हा बघा. उजेडात धरा, इकडून.

सकाळी सासऱ्यांनी माळ बोटांवरून फिरवली. एक, एक, एक, शेवटच्याला थांबले. पुन्हा फिरवली. म्हणाले, "हा पाहुणा कोण?" दिसत काहीच नव्हतं हो त्यांना! मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बाहेर बोलू नकोस." आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं.

बाई आल्या. सासऱ्यांनी अदबीने माळ पुढे केली – छत्र्या अडकवायच्या खुंटीकडे! बाई उभ्या ह्या बाजूला. त्या स्वतःच फिरून माळेसमोर येऊन उभ्या राहिल्या. मग सासऱ्यांनी हाक मारली, पाणी आण. मी आणलं. घाईत विसरले की माझा एक कान उघडा आहे. बाईंनी माळ खिडकीशी नेली, एकेक मोती बघितला, शेवटी थांबल्या, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्या मोत्याचा भाऊ तुमच्या कानात आहे का हो?"

काय सांगू तुम्हाला, शाळेत कॉपी करताना सापडल्यावर सुद्धा तसं होणार नाही. मी घडाघडा ओकले सगळं – लिंबू, वाटी, पडदा, सासऱ्यांचे डोळे, नको ते सगळं. सासरे तिकडे खोकतायत, गप्प बस म्हणून, पण माझं तोंड एकदा सुटलं की तुम्ही बघताच आहात. बाईंनी तो मेलेला मोती मागितला. बोटावर घेतला, बोट पांढरं झालं. म्हणाल्या, "खडूच झाला की. आयुष्यभर खडूच हाताळतेय मी." आणि हसल्या! मी पायाच पडणार होते, तर बोट वर. "पडद्यामागून सोडवलेला पेपर मी तपासत नाही. पुढच्या सुट्टीत माळ घेऊन येईन तेव्हा तुम्ही इथे खिडकीत बसलेल्या दिसायला हव्यात." आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. डोळे परत मिळतात हल्ली. अशी सून मिळत नाही."

सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी भिंतीकडे बघून मागायचे. तिसऱ्या दिवशी खर्र खर्र आवाज आला, बघते तर एकटे हे टेबल ओढत खिडकीशी नेतायत. दमले, घाम पुसला, म्हणाले, "बस इथे. उजेड उजवीकडून घे, तुझा हात उलटा आहे." झालं. पडदा मी धुवायला काढला तो परत लावलाच नाही. आणि पुढे ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, तेव्हा घरी येऊन पहिल्यांदा काय केलं असेल? स्वतःच्या मुलाचं तोंड नाही बघितलं, माझ्या गाठी बघितल्या. भिंगाने. म्हणाले, "माझ्यापेक्षा बारीक आहेत." मग थोड्या वेळाने – "फार नाहीत."

तेव्हापासून बाई दर सुट्टीत यायच्या. दोरा चांगला असला तरी यायच्या, हे मला काय कळत नव्हतं? मी कितीदा म्हटलं, बाई, जुळणारा पांढरा मोती शोधून ठेवलाय, बदलून देते. तर म्हणायच्या, "प्रत्येक वर्गात एक वेगळं मूल असतंच. म्हणून काय त्याला वर्गाबाहेर काढायचं?" – पण ते त्यांचं झालं. तुम्ही वेगळ्या. तो पांढरा मोती अजून आहे माझ्याकडे डबीत, आता सांगा, काढू का हा? तुमच्या मनात काही राहायला नको. – काय? समोर लावू? मधोमध? अहो, नाही हो! माळ चढत्या-उतरत्या मापाची असते, मोठे मोती समोर, बारके मागे. हा समोर बसवला तर पुढचा दात पडल्यासारखं दिसेल, आणि त्याचं मला चांगलं माहीत आहे. राहू दे त्याच्याच जागी? – राहू दे. मानेमागे तुम्हाला नाही दिसणार, वहिनींना दिसेल. दिसू दे.

गुरुवारी या. नाही, बसून बघायचं नाही. बाई बसायच्या, पण त्या वह्या तपासत बसायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत. आणि आज मला जरा – दार ओढून घ्या जाताना. जा बघू आता. मी बोलत राहिले की गाठी सैल पडतात.